जावयाच्या टायचा पन्हा

॥ श्री ॥
गोडादरा, सुरत
१२ फेब्रुवारी १९९५

चि. योगेंद्रराव यांस,
लोटू दौलत माळी याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

साखरपुडा करून आम्ही मंडळी सुखरूप पोचलो. तुमच्या आईंनी दिलेला लाडवांचा डबा नवापूर येईपर्यंत रिकामा झाला. कोणी केला ते लिहीत नाही, कारण आमची धाकटी योगिता शेजारीच बसून माझ्या चुका मोजते आहे. मी सातवी शिकलेला माणूस आणि तुम्ही हायस्कुलात सायन्स शिकवणारे, तेव्हा काना-वेलांटीकडे काणाडोळा करावा.

पत्रास कारण की, आपल्यात नवरदेवाचा पोशाख मुलीकडून जातो. साखरपुड्यात तुम्ही भिडेने म्हणालात की साधा शर्ट-पँट चालेल. तुम्हाला चालेल, मला चालणार नाही. मी सुरतेत एकवीस वर्षं लूमवर काढली. पैकी नऊ वर्षं जॉबर आहे, म्हणजे लूम बिघडला की मला हाक मारतात. माझा जावई मंडपात शर्ट-पँटवर उभा राहिला तर आमच्या खात्यातले लोक मला चहाला विचारणार नाहीत. (इथे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात.) सूट होणार, तोही पर्वत पाटिया भागातल्या सुपडू मास्तर टेलरच्या हातचा. कापड आणून ठेवलं आहे.

राहिला टाय. त्यासाठी चौकबाजारात जाऊन आलो. दुकानदाराने तीन इंचांची एक पट्टी पुढे केली. मला वाटलं हा नमुना दाखवतोय, टाय आतून काढेल. तोच टाय होता! आयुष्यभर कापडाचा पन्हा सांभाळला, रुंदीला सूतभर कमी पडू दिलं नाही, आणि जावयाच्या गळ्यात नाडी बांधू काय? टायचं कापड मी स्वतः विणणार. शेठने सुट्टीच्या दिवशी सात नंबरचा लूम वापरायला परवानगी दिली आहे. डाळिंबी रंग, त्यात बारीक सोनेरी रेघ.

तरी मापं लवकर पाठवावीत. तुमच्या वडिलांच्या माघारी आईंनी एकट्याने तुम्हाला वाढवलं, त्यांना कोणत्याही गोष्टीचा घोर पडू नये. तुमच्या आई प्रमिलाबाईंना आमच्या घरातून नमस्कार. लोभ आहेच, तो पन्ह्याला कमी पडू देऊ नये.

आपला,
लोटू दौलत माळी


एरंडोल
२४ फेब्रुवारी १९९५

ती. स्व. मामांच्या सेवेशी,
योगेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. चुका शोधायची मास्तरकीची खोड आहे, पण पत्र इतकं आवडलं की लाल पेन खिशातच राहिलं. योगिताला सांगावं की डब्याबद्दल आईला संशय आलेलाच आहे.

मापांचा कागद सोबत आहे. इथल्या टेलरने छातीला टेप दोनदा लावली आणि दोन्ही वेळा बत्तीसच भरली. तिसऱ्यांदा लावत होता, मीच थांबवलं. उंची पाच फूट चार. बाकी आकडे कागदावर आहेत, त्यांतही फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

टाय मी कधी घातलेला नाही. आमच्या मुख्याध्यापकांकडे एक आहे, तो पंधरा ऑगस्टला निघतो. तेव्हा त्यातलं मला काही कळत नाही. आपण माझ्यासाठी स्वतः लूमवर बसणार हे वाचून आईचे डोळे भरून आले. मलाही फार बरं वाटलं. एवढंच सांगतो की तब्येतीला जपून करावं आणि सुट्टीच्या दिवशी विश्रांतीही घ्यावी.

मामींना साष्टांग नमस्कार. माझ्यावरची माया अशीच चालू ठेवावी.

आपला आज्ञाधारक,
योगेंद्र


॥ श्री ॥
गोडादरा, सुरत
२६ मार्च १९९५

चि. योगेंद्रराव यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोशाख तयार झाला! आमच्या खात्यातल्या दगासोबत पाठवतो आहे. त्याची सासुरवाडी तुमच्या गल्लीच्या मागेच आहे, तेव्हा तो घरपोच आणून देईल. कोट, पँट, शर्ट आणि टाय असे चार नग मोजून घ्यावेत.

टायवरून सुपडू मास्तरशी माझं चांगलंच वाजलं. पहिलं भांडण कापण्यावरून. म्हणे टायचं कापड सरळ कापायचं नाही, तिरकं कापायचं, नाहीतर गळ्यात पिळतो. तिरकं कापलं की कोपऱ्याकोपऱ्याचं कापड वाया जातं. मी विणलेलं कापड डोळ्यांदेखत चिंध्यांत जात होतं, पण ते ऐकलं.

दुसरं भांडण रुंदीवरून, ते मात्र मी जिंकलो. मास्तरचं म्हणणं, कोटाची कॉलर छातीवर तीन इंच रुंद आहे, तर टायही तीनच इंच पाहिजे. शिवाय नवरदेव अंगाने बारीक, त्याला त्याहून जास्त शोभायचा नाही. मी म्हणालो, अरे बारीक आहे म्हणून तर रुंद पाहिजे! छाती भरलेली दिसेल. त्याने हात जोडले. टाय खालच्या टोकाला पाच इंच भरतो, टेप लावून खात्री करावी. सबंध खानदेशात एवढ्या रुंद टायचा नवरदेव झाला नसेल.

लग्न चौदा मेला इथेच, आमच्या गल्लीच्या मोकळ्या जागेत. केळीचे खांब कामरेजहून येणार आहेत. पत्रिका तुमच्याकडे छापायच्या ठरल्या आहेत, त्या आता छापायला टाकाव्यात. टाय घालून पाहिला की कसा दिसतो ते सविस्तर कळवावं, मी रोज पोस्टमनची वाट पाहीन.

आपला,
लोटू दौलत माळी


एरंडोल
९ एप्रिल १९९५

प्रिय वर्षा,
सप्रेम नमस्कार.

मामा तुझी पत्रं उघडत नाहीत हे तू सांगितलंस म्हणून धीर करून लिहितो आहे. हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

पोशाख मिळाला. कोट अंगासरसा बसला आहे, सुपडू मास्तरांच्या हाताला तोड नाही. मग टाय लावून पाहिला. गाठ कोणालाच येत नव्हती म्हणून गळ्यापाशी नुसता टाचणीने अडकवला. आरशात आधी टाय दिसला. त्याच्या मागे कोणीतरी उभा असावा असं वाटलं, तो मी होतो. आईने पटकन तोंड फिरवलं आणि मग छान आहे म्हणाली. शेजारच्या पुष्पाबाई आईइतक्या सांभाळून बोलत नाहीत. बाळाला लाळेरं बांधतात तसं दिसतंय म्हणाल्या आणि खुर्चीत बसून हसल्या.

हसण्याचं मला काही नाही. वर्गातली पोरं मला काडीमास्तर म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण मामांच्या पत्रात एक वाक्य आहे. बारीक आहे म्हणून रुंद पाहिजे, छाती भरलेली दिसेल. ते मी चार वेळा वाचलं.

तुला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. तुझ्याआधी दोन स्थळं आली होती. एकांनी कळवलं, मास्तर चांगले आहेत पण अंगात काही नाही. दुसऱ्यांनी मध्यस्थामार्फत माझ्या छातीचा एक्स-रे मागितला. आईने मला नेऊन तो काढूनही घेतला. त्यात काही निघालं नाही, तरी त्यांनी नकार दिला. तो एक्स-रे आईने अजून जपून ठेवला आहे, पुन्हा कोणी मागेल म्हणून. तुमच्या घरी कोणी काही मागितलं नाही, तेव्हा वाटलं की इथे मी आहे तसा चाललो.

आता वाटतं की चाललो नाही, फक्त झाकायचं ठरलं. तसं असेल तर राग नाही. पण मंडपात चारशे माणसांसमोर मला झाकून उभं करण्यापेक्षा आत्ताच सांग. आई रोज पत्रिकांचं विचारते. तुझं उत्तर येईपर्यंत मी त्या छापायला टाकलेल्या नाहीत.

तुझा,
योगेंद्र


गोडादरा, सुरत
१५ एप्रिल १९९५

ती. योगेंद्र यांस,
सा. न.

पत्रिका छापायला टाका. बाकीचं पत्र त्यानंतर वाचा.

टाकल्या? आता ऐका. तुमचा मला इतका राग आला आहे की हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलं. पहिल्या दोन्हींत तुम्हाला लिहू नये ते लिहिलं होतं. योगिता म्हणाली तेच पाठव, पण मी अजून सून व्हायची आहे.

तुम्ही विसरलात का, मी तुम्हाला कुठे पाहिलं? गेल्या सप्टेंबरात इथे प्लेग आला आणि आम्ही कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन आईच्या माहेरी पळालो. गावाने आम्हाला वेशीच्या आत घेतलं नाही. बाहेरच्या शाळेत ठेवलं. माझे सख्खे मामा भाकरी लांब दगडावर ठेवून निघून जायचे. सहाव्या दिवशी तुम्ही एरंडोलहून सायकलवर आलात. गावाला समजावून सांगितलंत की सुरतेहून आला म्हणजे आजारी असं नाही. कोणी पुढे येईना, तेव्हा आत येऊन आईकडे चहा मागितलात. दूध नव्हतं, साखर जास्त पडली होती. तुम्ही तोंड वाकडं करत सगळा प्यायलात, आमच्याच पेल्यातून, सगळं गाव बघत असताना. त्या दिवशी कोणी एक्स-रे मागितला असता तर आमचा मागितला असता. तुम्ही मागितला नाहीत. मी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं की विचारायचं असेल तर यांना विचारा. तुमची छाती बत्तीस आहे हे मला मापाच्या कागदावरून कळलं, आणि नसतं कळलं तरी चाललं असतं.

आता बाबांबद्दल. ते वाक्य त्यांनी सुपडू मास्तरला हरवायला फेकलं, आणि हरवलं म्हणून फुशारकीने तुम्हाला लिहिलं. लागेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नसणार. खरी गोष्ट वेगळी आहे. मी दुसरीत असताना बाबा ज्या खात्यात होते तिथले अकरा ताके बाजारातून परत आले, पन्ह्याला अर्धा इंच कमी म्हणून. शेठने ते ताके भर गल्लीत उलगडले, माणसं जमवून टेप लावली, आणि खानदेशी लोक सूत खातात म्हणाला. बाबांना त्याच दिवशी काढलं. लूम जुना होता, त्यांची काही चूक नव्हती, सगळे तेच म्हणायचे. मी तिथेच उभी होते, शाळेचं दप्तर घेऊन. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात सगळं रुंद असतं. माझ्या फ्रॉकला एवढी दुमड असायची की तोच फ्रॉक तीन वर्षं चालायचा. गोधडी दोघांची सांगितली तर चौघांची होते. आई म्हणते, यांनी रुमाल आणला तरी चादर निघते. टाय तुमची छाती बघून नाही झाला हो. कोणी पैलवान जावई असता तर त्याला सहा इंचांचा मिळाला असता.

तरी पण तो टाय घालू नका. ते मलाही नको आहे. मला मंडपात तुम्हाला बघायचं आहे. बाबांना तुम्हीच लिहा, सरळ लिहा. त्यांना लागेल, पण लग्नात लोक हसले तर त्याहून जास्त लागेल. आणि ताक्यांचं मी सांगितलं हे कळू देऊ नका. घरात तो विषय कोणी काढत नाही.

आईंना नमस्कार. तो एक्स-रे त्यांच्याकडून मागून घ्या आणि बंबात घाला. रागावले आहे, पण तुमचीच,
वर्षा


एरंडोल
२२ एप्रिल १९९५

ती. स्व. मामांच्या चरणी,
योगेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, याची लाज वाटते. आपण रोज पोस्टमनची वाट पाहत असाल हे माहीत असून धीर होत नव्हता.

कोट फार सुंदर झाला आहे. टायचं कापड मी खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं. ती सोनेरी रेघ कुठेही तुटलेली नाही. एवढं नाजूक काम आपण माझ्यासाठी केलंत, त्याची परतफेड माझ्याकडून व्हायची नाही. तरीही तो टाय मी दगाभाऊंसोबत परत पाठवतो आहे.

आई घाबरली आहे. पोशाखातला नग परत गेला म्हणजे सोयरीक मोडली असा लोक अर्थ काढतात, असं ती म्हणते. म्हणून पुडक्यात छापून आलेली पहिली पत्रिका ठेवली आहे. ती आधी पाहावी आणि मग पुढचं वाचावं.

मामा, मी बारीक आहे. लहानपणापासून आहे, आणि आता जाड होईन असं वाटत नाही. पाच इंचांचा टाय लावला की लोकांना टाय दिसतो, मी दिसत नाही. लिहायला सोपं नाही, पण वडील असते तर त्यांना जसं सांगितलं असतं तसं आपल्याला सांगतो. लग्नाच्या दिवशी मला दिसायचं आहे. माझी छाती भरलेली दिसली नाही तरी चालेल.

सुपडू मास्तर म्हणतात ती तीन इंचांची रुंदी मला बरोबर वाटते. पण कापड आपलं आहे, आपण विणलेलं आहे. त्याला कात्री लावणं आपल्या जिवावर येणार असेल तर टाय तसाच परत पाठवावा. मी तो घालीन आणि मान वर ठेवून उभा राहीन, आपल्याला कमीपणा येऊ देणार नाही. आपण काय ठरवाल ते मला मान्य आहे.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घालावा.

आपला,
योगेंद्र


॥ श्री ॥
गोडादरा, सुरत
३० एप्रिल १९९५

चि. योगेंद्रराव यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दगाने पुडकं खाटेवर ठेवलं तेव्हा मी खात्यात होतो. तुमच्या मामींनी वरून टाय पाहिला आणि माय वो म्हणून तिथेच बसल्या. पत्रिका टायच्या खाली होती. वर्षा पाणी भरून येईपर्यंत घरात सुतक होतं. तेव्हा पुढच्या वेळी पत्रिका वर ठेवावी. पुढची वेळ योगिताच्या नवऱ्याची, त्याला तुम्ही शिकवून ठेवा.

तुमचं पत्र मी रात्री वाचलं, सकाळी डबा घेऊन कामावर गेलो, मधल्या सुट्टीत परत वाचलं. त्या वाक्याबद्दल मी तुमची माफी मागतो. जीभ चालली आणि हाताने ती कागदावर उतरवली. तुमच्यात झाकण्यासारखं काही आहे असं माझ्या मनात कधी आलं नाही, देवाशपथ.

पण खोटं का बोलू, राग आला होता. कमी देणाऱ्याला लोक बोलतात, जास्त देणाऱ्याला पण बोलणं खावं लागतं का, असं वाटलं. म्हणून तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती आजपर्यंत मी तुमच्या मामींनाही सांगितलेली नाही.

चौदा वर्षांपूर्वी माझ्या लूमवरचे अकरा ताके पन्ह्याला अर्धा इंच कमी भरले आणि मला काढून टाकलं. घरातले, शेजारचे, सगळे म्हणतात की लोटूवर अन्याय झाला, लूमच खराब होता. लूम चांगला होता. फणी तुटली होती. कापडाची रुंदी जिच्यावर ठरते ती फणी. तिच्या मापाची दुसरी मिळायला दोन दिवस लागले असते, लूम बंद राहिला असता. हाताशी एक जराशी आखूड होती, ती मी बसवली. अर्धा इंच जाईल हे मला माहीत होतं. कोण मोजतंय, म्हणालो. मग भर गल्लीत मोजलं गेलं. शेठने सगळ्या खानदेशी माणसांना चोर म्हटलं आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. माझी वर्षा दप्तर घेऊन बघत होती. लोकांनी नंतर माझी कीव केली, तीही मी मुकाट्याने घेतली.

त्यानंतर मी कोणाला काही कमी दिलं नाही. वाटायचं, जास्त दिलं की ते फिटेल. तुमचं पत्र वाचून कळलं की ते तसं फिटत नसतं. तेव्हा मी माप पाळलं नव्हतं, आणि आता तुमचं माप कागदावर समोर असताना टायपुरतं मी ते पुन्हा पाळलं नाही. अर्धा इंच कमी काय किंवा दोन इंच जास्त काय, समोरच्याचं ऐकलं नाही ते नाहीच.

सुपडू मास्तरकडे गेलो. तो कापायला निघाला, मी म्हणालो कात्री मला दे. टायची मागची शिवण त्याने उसवली, खडूने रेघ मारली, आणि मी कापलं. कापलं अगदी सरळ. मास्तरने परत शिवून इस्त्री केली. टेप लावली, तीन इंच. कोटाच्या कॉलरीइतकाच. तुम्हाला सांगतो, चांगला दिसतो हो! मास्तरला तसं सांगितलं नाही, तो डोक्यावर बसेल.

टाय आता पाठवत नाही. चौदा तारखेला जानवशावर मी स्वतः घेऊन येईन. गाठ कोणाला येत नाही असं तुमच्या आईंनी दगाच्या बायकोला सांगितल्याचं कळलं, त्याची काळजी करू नये. चौकबाजारच्या त्याच दुकानदाराला गाठलं आहे. सध्या घरातला आरसा माझ्याकडे असतो म्हणून दोन्ही पोरी माझ्यावर रुसल्या आहेत.

वर लिहिलेलं वर्षाला कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्याने तिच्यासमोर बोलवणार नाही. तुमच्या मनात माझ्यासाठी होती तेवढीच जागा ठेवा, कमी-जास्त नको.

आपला,
लोटू


एरंडोल
४ जून १९९५

ती. स्व. मामांच्या चरणी,
योगेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

आपली लेक इथे सुखात आहे. ती वेगळं पत्र लिहिणार आहे, त्यात माझ्या तक्रारी असतील, त्यांतल्या निम्म्या खऱ्या समजाव्यात. आल्या आल्या तिने आईकडून एक जुना एक्स-रे मागून घेतला आणि बंबात घातला. आई हसली आणि मग बराच वेळ रडली. आता दोघी मिळून माझ्याविरुद्ध एक झाल्या आहेत. मला रोज दोन चमचे तूप जास्त वाढतात.

आपण लिहिलेली गोष्ट मी तिला सांगितली. सांगू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. हातातलं काम बाजूला ठेवून तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, बाबांनी त्या दिवशी माझ्याकडे का पाहिलं नाही ते आज कळलं. तिला आपला राग आलेला नाही. येत्या राखीपौर्णिमेच्या आसपास आम्ही येऊ तेव्हा ती आपल्याशी बोलेल. आपण फक्त ऐकून घ्यावं.

पुष्पाबाई वऱ्हाडात होत्या हे आपण पाहिलंतच. परत आल्यापासून त्या गल्लीत सांगत सुटल्या आहेत की योगेंद्र एवढा देखणा आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. फोटो आले आहेत. टाय त्यांत शोधावा लागतो, कारण आधी माझे दात दिसतात. इतका मी हसलो होतो हे मला आठवत नाही.

मला आठवतं ते जानवशातलं. बाहेर बँड थांबला होता, माणसं घाई करत होती, आणि आपण खिशातून कागदात गुंडाळलेला टाय काढलात. माझ्यासमोर उभं राहून गाठ बांधायला गेलात आणि सगळं उलटं होऊ लागलं, कारण शिकला होतात आरशात, स्वतःच्या गळ्यावर. दोन्ही टोकं हातात घेऊन घामाघूम झालात. आमच्याकडचे म्हातारे म्हणू लागले की राहू द्या, नवरीच्या बापाने नवरदेवाच्या गळ्याशी असं झटणं बरं दिसत नाही. आपण कोणाचं ऐकलं नाहीत. माझ्या मागे जाऊन उभे राहिलात, दोन्ही हात माझ्या खांद्यांवरून पुढे आणलेत, हनुवटी माझ्या कानाशी टेकवलीत, आणि जणू स्वतःलाच बांधताहात तशी गाठ बांधू लागलात. तोंडाने हळूहळू पुटपुटत होतात, हे वरून, हे खालून, आता आतून.

माझे वडील गेले तेव्हा मी तिसरीत होतो. त्यांचा चेहरा मला फोटोमुळे आठवतो, त्यांचे हात आठवत नाहीत. आपण मागे उभे होतात तेव्हा मी आपल्या हातांकडे बघत होतो. बोटांवर लूमच्या तेलाचे डाग होते, घासूनही न गेलेले.

पहिली गाठ वाकडी झाली. आपण सोडलीत आणि पुन्हा बांधलीत. मग विचारलंत, बरोबर बसली का. मी म्हणालो, सैल वाटते. आपण परत सोडलीत आणि तिसऱ्यांदा बांधलीत. बाहेर बँडवाल्यांनी तोपर्यंत दोनदा सुरुवात करून थांबवलं होतं.

मामा, एवढं एक मी आपल्याशी खोटं बोललो, ते आज लिहून मोकळा होतो. दुसरी गाठ अगदी बरोबर बसली होती.

आपला,
योगेंद्र